पपईचा खड्डा

कावळे होते, भरपूर होते, पण भिमाजी सांगळ्यांच्या पिंडाला शिवायला एकही तयार नव्हता.

रविवारी सकाळी गोदाकाठी दहाव्याची गर्दी एवढी असते, की कावळ्यांनाही निवड करायला वाव मिळतो. शेजारी कुणा आजीबाईंचा पिंड मांडून गुरुजींनी पाठ वळवली न वळवली, तोच तिथे कावळा बसला. पलीकडच्या पिंडावर तर दोघांची भांडणं लागली होती. भिमाजीच्या वाट्याला मात्र एकच म्हातारा कावळा आला होता, आणि तो भिंतीवर बसून मान वाकडी करून नुसता बघत होता. त्याच्याकडे सांगळ्यांच्या भावकीतले चाळीस जण बघत होते.

सगळ्यात पुढे भिमाजीचा धाकटा भाऊ गोटीराम उभा होता. तो सिन्नरहून पहिल्या एसटीनं आला होता आणि सगळं नीट पार पाडण्याची जबाबदारी त्यानं कुणी न देताच उचलली होती. पिंडापासून तो दोन हातांवर, आणि त्याला चिकटून बाकीची मंडळी.

"दादा, वहिनीला काही कमी पडू देणार नाय!" गोटीराम हात जोडून म्हणाला.

कावळ्यानं चोचीनं पंख खाजवला.

"दादा, स्कूटरची क्लच वायर बदलून घेऊ!"

कावळ्यानं दुसरा पंख खाजवला.

"दादा, तू पपईसाठी खड्डा खणत होतास ना? ती पपई मी लावतो! माझ्या हातानं लावतो!"

ही पपईची गोष्ट सगळ्यांच्याच जिव्हारी लागलेली होती. दहा दिवसांपूर्वी भिमाजी सिडकोतल्या घरामागच्या हातभर मोकळ्या जागेत खड्डा खणत होता. खणताखणता पहार हातात घेऊनच खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेले. खड्डा कशासाठी, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला, कुसाबाईला, पपई आवडते, एवढ्यावरून भावकीनं पपई ठरवून टाकली होती. खड्ड्याशेजारी पोतंभर कोळसा आणि दहा किलो खडे मीठही सापडलं होतं. पपईला मीठ आणि कोळसा कशाला लागतो, हे कुणाला सांगता येईना. कोळसा दहाव्याच्या स्वयंपाकाला कामी आला आणि मीठ शेजारणींनी वाटून नेलं. खड्डा, मीठ आणि कोळसा एकत्र बघून गोटीरामच्या मनात मात्र करणीचा संशय आला होता, पण तो त्यानं फक्त सतरा जणांना बोलून दाखवला होता.

तासभर झाला. गुरुजींच्या मागे आणखी चार घरची माणसं ताटं घेऊन ताटकळली होती. शेवटी गोटीराम पुतण्याकडे वळला.

"वाल्मीक, आता तूच बोल बाबा. दादाचा जीव कशात अडकलाय, ते तुला ठाऊक हाय."

वाल्मीकला ठाऊक होतं, भावकीला ठाऊक होतं, सिडकोतल्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तो पुढे झाला. चोवीस वर्षांचा उंचापुरा पोरगा, परवापर्यंत खांद्यावर रुळणारे केस आता नाहीत, डोकं तुळतुळीत. त्यानं पिंडापुढे हात जोडले.

"बाबा," तो म्हणाला, "मी गिटार सोडली. पुन्हा हात लावणार नाही."

आणि तो जो हमसून रडायला लागला, तो गोटीरामनं चार पावलं मागे येऊन त्याला मिठीत घेतलं तरी थांबेना. बायका मोठ्यानं रडू लागल्या, चाळीसच्या चाळीस जण पिंडाकडे पाठ करून वाल्मीकभोवती गोळा झाले. तेवढ्यात म्हातारा कावळा भिंतीवरून उतरला.

"शिवला! शिवला!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांचे हात जोडले गेले. थोड्या अंतरावर पायरीवर बसलेल्या कुसाबाईनं कावळ्याकडे पाहिलं, गोटीरामकडे पाहिलं, आणि पदर पुढे ओढून घेतला.

भिमाजी म्हणजे विमानाच्या कारखान्यात तीस वर्षं वायरमन राहिलेला माणूस. दिवसाला पाच-सहा शब्दांवर त्याचं भागत असे, आणि शेवटची तीन वर्षं त्यातले तीन शब्द ठरलेले होते. वाल्मीक अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर काम करायचा. संध्याकाळी घरी येऊन तो गिटार काढायचा आणि दिनेश नावाच्या मित्रानं जुन्या रेडिओचे भाग जोडून बनवलेल्या अँप्लिफायरला लावायचा. बाहेरच्या खोलीत वाजवणं सुरू झालं, की भिमाजी उठून बोर्डापाशी जायचा, चिनीमातीचा फ्यूज उपसायचा, सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि म्हणायचा, "मरशील एक दिवस."

पोटच्या पोराला रोज संध्याकाळी बापानं असं म्हणावं, हे वाल्मीकला फार लागायचं. कधीकधी तर भिमाजी लगेच फ्यूजही काढत नसे. गाणं संपेपर्यंत मेन स्विचपाशी हात वर करून नुसता उभा राहायचा आणि मगच काढायचा. त्या उभं राहण्याचा वाल्मीकला जास्तच राग यायचा. बँडला नाव काय द्यायचं, असा प्रश्न आला तेव्हा तो चिडून म्हणाला होता, "लोडशेडिंग ठेवा." तेच नाव पडलं. त्या वर्षी, म्हणजे २००३ साली, ते नाव गावात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

वाल्मीकचं गिटारवर प्रेम होतं, ते अगदी अंगात भिनलेलं होतं. तारांना हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या, कोपरापर्यंत सणक जायची. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं तर जास्तच. याला तो संगीताची ताकद समजत असे. "बाकीच्यांना नाही येत अशा मुंग्या," तो दिनेशला अभिमानानं सांगायचा, आणि दिनेशही "नशीब लागतं" म्हणून मान डोलवायचा.

भिमाजी गेला त्या दिवशी दवाखान्यातून त्याचे कपडे परत मिळाले, तेव्हा सदऱ्याच्या खिशात तो फ्यूज होता. कुसाबाईनं तो फोटोसमोर दिव्याशेजारी ठेवला. बाहेरच्या खोलीतले प्लग तेव्हापासून बंदच होते. टीव्ही लागत नव्हता, पण घरात दुःख असताना टीव्ही कोण लावतो, म्हणून कुणी चौकशीही केली नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी बँडमधले दोघे जण वाल्मीकला अंबडच्या चहाच्या टपरीवर भेटले. ड्रम वाजवणारा दिनेश, आणि गाणारा धनराज.

"शनिवारचं काय?" दिनेशनं विचारलं.

शनिवारी गंगापूर रोडवरच्या एका क्लबात गावातल्या पाच रॉक बँडचा कार्यक्रम होता. एरवी त्या हॉलमध्ये रमी आणि लग्नाची रिसेप्शनं चालायची. पोरांनी दोन वर्षं कमिटीचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे एक संध्याकाळ मिळाली होती. 'लोडशेडिंग'चा नंबर तिसरा होता. गाणी सगळी वाल्मीकची, आणि लोकांसमोर वाजवायची ही पहिलीच वेळ.

"मी वचन दिलंय," वाल्मीक म्हणाला.

"कावळ्याला?"

"बाबांना."

"अरे, आमच्या आजोबांच्या वेळी अख्ख्या भावकीनं बिडी सोडली होती," धनराज म्हणाला. "लगेच शिवला कावळा. तेराव्याला सगळे ओट्यावर बसून ओढत होते. आजोबांनी काही केलं का कुणाचं?"

"आई तिथे होती. आईनं ऐकलंय."

चहा थंड झाला. मग असं ठरलं, की वाल्मीकनं वाजवायचं नाही, गाणं आणि गिटार दोन्ही धनराजनं सांभाळायचं. त्याला तीन कॉर्ड येत होत्या. उरलेल्या शिकवायला वाल्मीक तयार झाला, पण गिटारला हात लावायचा नाही म्हणून त्यानं दिनेशच्या घरचा झाडू मागवला आणि त्याच्या दांड्यावर बोटं ठेवून दाखवली. चार संध्याकाळी धनराज झाडूकडे बघत, मागून आणलेल्या साध्या गिटारवर शिकला. दिनेशची आई दारातून बघून आत गेली आणि वाल्मीकच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं तिनं शेजारी सांगितलं.

शनिवारी दुपारी वाल्मीकनं माळ्यावरून गिटार आणि अँप्लिफायर काढले. हात लागू नये म्हणून गिटार चादरीत गुंडाळली होती. आईला म्हणाला, "ओव्हरटाइम आहे." तेरावं उरकलं तरी गोटीराम अजून घरीच मुक्कामाला होता. चादरीत गुंडाळलेला ओव्हरटाइम त्यानं जाताना पाहिला.

क्लबाच्या हॉलमध्ये सहा वाजता दोनशे पोरं जमली होती. निम्म्यांच्या काळ्या टीशर्टांवर कवट्या होत्या. पहिला बँड सातपूरचा, त्याचं नावच 'कवटी'. त्यांनी असा काही आवाज केला, की मागच्या खोलीतल्या रमीवाल्यांनी पत्ते खाली ठेवले. दुसऱ्या बँडनं त्या रमीवाल्यांना घरी पाठवलं.

मग 'लोडशेडिंग' आलं. वाल्मीक स्टेजच्या कडेला भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला. त्याचं स्वतःचं गाणं सुरू झालं. धनराज चुकत होता, पण वाजवत होता. वाल्मीकची बोटं खिशातल्या खिशात बरोबर जागी पडत होती, आणि आपण आपल्याच तेराव्याला आल्यासारखं त्याला वाटत होतं.

दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीला धनराजला जोर चढला. त्यानं डोळे मिटले, तोंड पुढे नेलं, आणि त्याचे ओठ माइकला लागले.

निळी ठिणगी सगळ्यांनी पाहिली. धनराज "आऽऽऽ" करून किंचाळला आणि तसाच थरथरत उभा राहिला, एक हात तारांवर, तोंड माइकवर. पब्लिक वेडं झालं. शिट्ट्या, टाळ्या, "वन्स मोअर!" धनराजसारखा सूर गावातल्या कुठल्याच गायकानं आजवर लावला नव्हता. 'कवटी'चा गायक मागे वळून म्हणाला, "आपण असं काहीतरी करायला पाहिजे यार."

दिनेशला वाटलं, धनराजनं नवीन काहीतरी बसवलंय. तो दुप्पट वेगानं ड्रम बडवायला लागला.

फक्त वाल्मीकला कळलं. कसं कळलं ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण कानात एकदम "मरशील एक दिवस" असं वाजलं. तो धनराजकडे धावला नाही, बोर्डाकडे धावला. पॅसेजमध्ये मेन होता. त्याचा हात मुठीवर पडला, त्याच वेळी दुसरा एक हात पडला, आणि दोघांनी मिळून मेन खाली ओढला.

अंधार झाला. स्टेजवर धनराज ड्रमवर कोसळल्याचा आवाज आला. त्यालाही टाळ्या पडल्या.

दुसरा हात क्लबाच्या वायरमनचा होता, झिपरू भोयेचा. सुरगाण्याकडचा माणूस, भातकापणीसाठी महिनाभर गावी होता, त्याच सकाळी जीपनं परतला होता. त्यानं टॉर्च लावला आणि आधी धनराजला तपासलं. धनराज जिवंत होता. खालचा ओठ सुजून लोंबत होता.

"मेलो का रे मी?" त्यानं विचारलं.

"नाही," दिनेश म्हणाला, "पण हिट झालास."

झिपरूनं टॉर्च अँप्लिफायरवर मारला. मागचं झाकण उघडून आत पाहिलं, मग बाहेर जाऊन भिंतीच्या कडेनं फिरून आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"गुलाबाचा वाफा करताना माळ्यानं अर्थिंगची वायरच तोडलीय. आन् हा डबा! हा कोणाचा?"

"आमचा," वाल्मीक म्हणाला.

"आन् घरी कशावर लावतो?"

"साध्या प्लगवर."

"आन् जिता हाय तू?" झिपरूनं टॉर्च त्याच्या तोंडावर धरला, आणि तसाच धरून ठेवला. "ये, तू भिमाजीभाऊचा पोरगा का? नाक त्याचंच हाय."

वाल्मीकनं मान हलवली.

"मंग भाऊनी खड्डा पुरा केला का?"

"कसला खड्डा?"

"अरे, अर्थिंगचा, करंट जमिनीत उतरवायचा! मी गावी जायच्या आधी आला होता माझ्याकडं. म्हणं, पोरगं गिटार वाजवतं, तारांतून करंट येतो, सांगून ऐकत नाय. रोज फ्यूज काढून काढून थकलो, म्हणं. आता घरामागं खड्डाच करून टाकतो, मीठ-कोळसा मी आणतो, तांब्याची प्लेट तेवढी तू दे. मी म्हणलं, भात उरकून येतो नि देतो. बघ, आणून ठिवलीय मी प्लेट. तुझ्या बापानं शेतातल्या मोटारीला चिकटलेला माणूस डोळ्यानं पायलाय. लय भ्यायचा त्यो तुझ्यासाठी. त्याला सांग, उद्या यीन मी हात लावायला."

मुंग्या. कोपरापर्यंत जाणारी सणक. मेनपाशी हात वर करून उभा असलेला बाप. तीन वर्षं तो बापाला शत्रू समजत आला होता आणि बाप रोज त्याचा जीव वाचवून हात धुऊन जेवायला बसत होता.

"बाबा गेले," तो म्हणाला. "खड्डा खणतानाच गेले."

झिपरू पायरीवर बसला. टॉर्च त्याच्या हातात तसाच पेटलेला राहिला, जमिनीकडे तोंड करून.

तेवढ्यात क्लबाचा मॅनेजर आला. "लाइट कधी येणार? पोरं काचा फोडतील!"

"मी लाइट देणार नाय," झिपरू म्हणाला. "अर्थिंग नाय तर वाजवणं नाय. भिमाजीभाऊचा पोरगा हाय हा."

"मग काय करू? कार्यक्रम रद्द?"

वाल्मीकनं डोळे पुसले. "पहार आहे का?" त्यानं विचारलं.

क्लबामागच्या लॉनच्या कोपऱ्यात खणायला सुरुवात झाली. वाल्मीक कुणाच्या हातात पहार देईना. दुसऱ्यांनी मागितली की म्हणायचा, "थांब, अजून थोडं." बाकीच्या बँडांची पोरं हातांनी आणि थाळ्यांनी माती उपसत होती. किचनमधून खडे मिठाची गोणी आली, तंदूरचा कोळसा आला. भिमाजीसाठी ठेवलेली प्लेट झिपरूनं फडक्यानं पुसली, क्षणभर छातीशी धरली आणि म्हणाला, "हीच घालू. घरासाठी दुसरी आणतो."

आणि नेमक्या याच वेळी, साडेसात वाजता, क्लबाच्या फाटकाशी रिक्षा थांबली. माळा रिकामा बघून गोटीरामनं गल्लीत चौकशी केली होती. तिथल्या खांबावर त्याला कार्यक्रमाचं पोस्टर दिसलं होतं, कवटीचं चित्र असलेलं, आणि वहिनीला घेऊन तो तडक निघाला होता. "वचन मोडलं तर दादा पुन्हा अडकंल, वहिनी!" असं तो सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत म्हणत आला होता.

अंधाऱ्या हॉलला वळसा घालून दोघं मागे आले. टॉर्चच्या उजेडात खड्डा होता. खड्ड्याभोवती काळ्या कपड्यांतली, छातीवर कवट्या मिरवणारी तीस-चाळीस पोरं उकिडवी बसली होती. एक जण मूठमूठ मीठ टाकत होता, दुसरा कोळसा. सुजलेल्या ओठाचा एक जण खड्ड्यात वाकून अगम्य काहीतरी पुटपुटत होता. आणि मधोमध, मातीनं माखलेला, तुळतुळीत डोक्याचा वाल्मीक, हातात पहार.

गोटीरामचा संशय खरा झाला होता, पण आनंद मानायला त्याला वेळ मिळाला नाही. "करणी!" तो किंचाळला. "वहिनी, डोळे झाका! हेच! ह्यांनीच खाल्लं दादाला! घरामागं पण असंच होतं, मीठ आन् कोळसा!" आणि त्यानं पायातली चप्पल काढून सगळ्यात जवळच्या कवटीवर हाणली.

कवटीवाला पोरगा मूळचा निफाडचा, गरीब स्वभावाचा होता. "काका, अर्थिंग करतोय," तो डोकं चोळत म्हणाला.

कुसाबाईनं डोळे झाकले नव्हते. ती खड्ड्याकडे बघत होती. "हे काय आहे, वाल्मीक?" तिनं विचारलं. "हे सगळं मी पाहिलंय. तुझ्या बाबांनी असंच सामान आणलं होतं."

वाल्मीकनं सांगायचा प्रयत्न केला, पण त्याला रडू फुटलं. शेवटी झिपरूनं सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. कुसाबाई पदराचं टोक दातात धरून ऐकत राहिली.

"मला तरी सांगायचं होतं," ती म्हणाली. "मीठ कशाला आणलं विचारलं, तर म्हणाले, लागतं. एवढंच. माणूस गेला तरी मला वाटतंय पपई."

मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "वाल्मीक, तुझं ते वाद्य कुठंय?"

"आई, मी हात नाही लावला. आईशप्पथ नाही लावला."

"मग लाव. जा, वाजव."

"वहिनी!" गोटीरामनं हातातली चप्पल खाली टाकली. "आन् वचन? त्यानं गिटार सोडली म्हणला, तवाच कावळा शिवला! चाळीस माणसांनी पायलंय!"

"भावजी," कुसाबाई म्हणाली, "तुम्ही तासभर त्या पिंडाला चिकटून उभे होता. सोबत चाळीस माणसं. कसा येईल तो? पोरगं रडलं, तुम्ही बाजूला झाला, तो आला. मी पायरीवरनं बघत होते."

"मग तवाच का नाय बोलला?"

"मला वाटलं, बरं झालं, सुटला पोरगा त्या वाद्यातनं. मी पण चुकलेच."

प्लेट बसली. मीठ, कोळसा, माती आणि चार बादल्या पाणी. झिपरूनं वायर जोडली, दिव्यानं तपासली, पुन्हा तपासली, आणि पावणेनऊला मेन वर केला. हॉल उजळला, पोरांनी जल्लोष केला. वाल्मीक गिटारपाशी गेला. हात पुढे केले, तेव्हा ते त्याला दिसले. दोन्ही तळव्यांवर आणि बोटांवर टरटरून फोड आले होते, दोन फुटलेही होते. तार दाबली तशी त्याच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. धनराजचा ओठ तर आता हनुवटीपर्यंत आला होता.

त्या संध्याकाळी भिमाजीच्या प्लेटवर चार बँड वाजले, आधीचे दोन पुन्हा एकदा. दहाच्या ठोक्याला लाउडस्पीकर बंद करायचा होता, तोवर वाजत राहिले. न वाजलेला बँड एकच, 'लोडशेडिंग'. कुसाबाई पहिल्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. निफाडचा पोरगा तिला दोनदा पाणी आणून देऊन गेला, "मावशी, आवाज जास्त होतोय का?" म्हणून विचारून गेला. गोटीराम कानात बोटं घालून शेवटपर्यंत बसला. जाताना आयोजकांनी धनराजचा हात हातात घेतला आणि पुढच्या वर्षी तो करंटचा आयटम नक्की ठेवा, अशी विनंती केली.

दुसऱ्या दिवशी झिपरू प्लेट घेऊन सिडकोत आला, तर खड्डा नव्हता. तिथे पपई होती. गोटीरामनं तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी, शब्दाला जागून, खड्डा बुजवून रोप लावलं होतं. दोन नवी पानंही फुटली होती.

"मी दादाला वचन दिलंय," गोटीराम रोपापुढे आडवा झाला. "तुमी तुमची वचनं मोडा. मी नाय मोडणार."

कुसाबाईनं वाद घातला नाही. ती आत जाऊन तेलाचा रिकामा डबा घेऊन आली. पपई डब्यात गेली, डबा गोटीरामच्या मांडीवर गेला, आणि तसाच तो दुपारच्या एसटीनं सिन्नरला गेला. त्याच्या दादाचा खड्डा झिपरूनं आणि वाल्मीकनं फडकी गुंडाळलेल्या हातांनी पुन्हा खणला. या वेळी पुरा केला.

फोड बरे व्हायला पुढचा रविवार उजाडला. वाल्मीकनं बाहेरच्या खोलीत गिटार लावली. प्लग बंदच होते. कुसाबाईनं फोटोसमोरचा फ्यूज उचलला, पदरानं पुसला आणि बोर्डात बसवला. मग ती तिथेच, मेनपाशी, हात वर करून उभी राहिली.

"आई, आता कशाला उभी? अर्थिंग झालंय."

"असू दे. ते उभे राहायचे ना?"

वाल्मीकनं तारांवर बोटं ठेवली. मुंग्या आल्या नाहीत. तार गार होती, नुसती तार. त्यानं पुन्हा बोटं ठेवली, दाबली, तरी काही नाही, आणि मग त्याला पुढचं दिसेना.

"रडतोस काय, वाजव," कुसाबाई मेनपाशी उभ्याउभ्या म्हणाली. तिचाही आवाज धड नव्हता. "गाणं संपेपर्यंत मी काही काढत नाही."